उत्सर्जनाचे आकडे : मोजलेले कोणते, हिशेबाने काढलेले कोणते?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एखाद्या देशाने किंवा उद्योगाने वर्षभरात अमुक इतके टन हरितगृह वायू हवेत सोडले, अशा बातम्या आपल्या व इतरही वृत्तपत्रांत नियमित येतात. आकडे दशांशचिन्हापर्यंत नेमके असल्यामुळे कोणीतरी ते हवेत जाऊन मोजले असावेत, अशी वाचकाची सहज समजूत होते. वस्तुतः त्यांतील बहुतेक कागदावर काढलेले असतात. किती कोळसा जाळला, तेल-वायूच्या किती विहिरी चालू होत्या, किती झडपा आणि कॉम्प्रेसर बसवलेले होते याची नोंद घ्यायची, प्रत्येक नोंदीला ठरावीक उत्सर्जन गुणांकाने (म्हणजे एका टनामागे वा एका झडपेमागे सरासरी किती वायू निघतो या आकड्याने) गुणायचे आणि बेरीज मांडायची, अशी ही रीत आहे. जळलेल्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपुरती ती बरीच विश्वासार्ह आहे, कारण इंधनात कार्बन किती होता हे ठाऊक असले की पुढचा हिशेब सरळ असतो. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेल्या मिथेनची गोष्ट वेगळी आहे. तेथे ही रीत म्हणजे मीटर न वाचता सरासरीने पाठवलेले वीजबिल होते, कारण शंभर झडपांतील नव्वद जवळजवळ घट्ट असतात आणि उरलेल्यांपैकी एखादीच इतका वायू सोडत असते की सरासरीला काही अर्थ उरत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतील तेल व नैसर्गिक वायू उद्योगाच्या मिथेन उत्सर्जनाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक सविस्तर अभ्यास प्रत्यक्ष जागेवरच्या मोजमापांवर बेतलेला होता आणि विमानांतून घेतलेल्या निरीक्षणांशी तो ताडून पाहिला होता. त्यात २०१५ या वर्षासाठी सुमारे १ कोटी ३० लाख टन हा आकडा निघाला, जो तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाहून सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता. वायू जाळून टाकणाऱ्या ज्वाला-चिमण्यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. या चिमण्यांत ९८ टक्के मिथेन नष्ट होतो, असे हिशेबात वर्षानुवर्षे धरले जात होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विमानातून केलेल्या मोजणीत हे प्रमाण ९१.१ टक्के भरले, कारण काही ज्वाला नीट जळत नव्हत्या आणि काही तर विझलेल्याच होत्या. फरक सात टक्क्यांचा दिसतो. पण न जळता हवेत गेलेला वायू २ टक्क्यांवरून जवळजवळ ९ टक्क्यांवर जातो, म्हणजे चौपटीहून अधिक होतो.

विमानातून मोजायचे म्हणजे काय करायचे, याची माहिती मराठी वाचकाला फारशी मिळत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने देतो. एका पद्धतीत बाहेरची हवा विमानाच्या आत ओढून घेतात आणि अत्यंत परावर्तक आरसे बसवलेल्या एका लहानशा पोकळीत तिच्यातून लेसर किरण सोडतात. आरशांमुळे प्रकाश इतक्या वेळा मागेपुढे होतो की हाताएवढ्या पोकळीत त्याचा प्रवास किलोमीटरमध्ये भरतो. लेसर बंद केल्यावर आतला प्रकाश किती लवकर मंदावतो, यावरून मिथेनचे प्रमाण कळते. कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथील भूमिगत वायुसाठ्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये गळती लागली, तेव्हा असेच उपकरण बसवलेले छोटे विमान नोव्हेंबरपासून बाहेर पडणाऱ्या वायूच्या लोटातून वारंवार नेण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये विहीर बंद होईपर्यंत सुमारे ९७,१०० टन मिथेन बाहेर पडला, हा आकडा त्या उड्डाणांमुळेच मिळाला. नेहमीचे गुणांक अशा अपघातापुढे निरुपयोगी असतात.

दुसऱ्या पद्धतीत विमानाला लोटात शिरावेच लागत नाही. प्रत्येक वायू प्रकाशाच्या काही नेमक्या तरंगलांबी शोषून घेतो. कार्बन डायऑक्साइडसाठी १.५७ मायक्रोमीटरच्या आणि मिथेनसाठी १.६५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त रेषा सोयीच्या आहेत. विमानातून जमिनीकडे लेसरचे दोन स्पंद (क्षणिक झोत) लागोपाठ सोडतात : एक वायू नेमका शोषून घेईल अशा तरंगलांबीचा आणि दुसरा तिच्या शेजारच्या, जवळजवळ अबाधित राहणाऱ्या तरंगलांबीचा. जमिनीवरून विखरून परत आलेला प्रकाश दुर्बिणीने गोळा करून दोहोंचे गुणोत्तर काढले की मधल्या हवेच्या स्तंभात त्या वायूचे किती रेणू होते ते समजते. खाली काळे डांबर आहे की पांढरी वाळू, याने फारसे बिघडत नाही, कारण दोन्ही स्पंद जवळजवळ एकाच जागी पडतात आणि जमिनीच्या उजळपणाचा परिणाम भागाकारात निघून जातो. जर्मन अंतराळ संस्थेच्या ‘चार्म-एफ’ या उपकरणात दोन स्पंदांमधले अंतर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके असते. सेकंदाला २०० मीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्या वेळात जेमतेम १० सेंटिमीटर सरकते. (विमानातून लेसर म्हटले की डोळ्यांची काळजी वाटते, या तरंगलांबींचा प्रकाश बुबुळाच्या पुढच्या भागातील पाण्यातच बराचसा शोषला जातो, म्हणून त्या दृश्य प्रकाशापेक्षा पुष्कळच सुरक्षित मानल्या जातात.)

यावर कोणी विचारील की उपग्रह असताना विमाने कशाला? २०१४ मध्ये सोडलेला, कार्बन डायऑक्साइड मोजणारा अमेरिकी ‘ओको-२’ असो वा २०१७ पासून मिथेन टिपणारा युरोपीय ‘सेंटिनेल-५पी’ असो, हे उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावर अवलंबून आहेत. रात्री, ध्रुवप्रदेशातील दीर्घ हिवाळ्यात आणि ढगांखाली त्यांना दिसत नाही. विरळ ढग किंवा धूलिकण असतील तर प्रकाश नेमका किती अंतर चालून आला हेच अनिश्चित होते आणि त्याबरोबर उत्तरही. लेसर स्वतःचा प्रकाश बरोबर नेतो. स्पंद परत यायला लागलेल्या वेळावरून तो जमिनीवरून आला की ढगाच्या माथ्यावरून हे वेगळे ओळखता येते, त्यामुळे ढगांच्या फटींतूनही मोजता येते. शिवाय सेंटिनेल-५पीच्या एका चौकटीत काही किलोमीटर लांबीरुंदीचा प्रदेश सामावतो. त्यात गळती आहे हे कळले, तरी ती कोणत्या टाकीची हे कळत नाही. कमी उंचीवरून उडणारे लायडर (म्हणजे वर सांगितलेले लेसर उपकरण) बसवलेले विमान ती जागा काही मीटरपर्यंत दाखवू शकते. अवकाशातून लेसरने कार्बन डायऑक्साइड मोजणारा चीनचा ‘दाची-१’ हा उपग्रह एप्रिल २०२२ मध्ये गेला, आणि मिथेनसाठी फ्रान्स व जर्मनी मिळून ‘मर्लिन’ तयार करत आहेत. पण अशा उपग्रहांच्या आकड्यांची शहानिशा करायलाही विमानेच लागतात.

तरीही या तंत्राची वकिली करताना त्याच्या मर्यादा झाकणे मला योग्य वाटत नाही. लेसर हवेतले प्रमाण मोजतो, उत्सर्जनाचा वेग मोजत नाही. ताशी किती किलो वायू निघतो हे काढायला लोटातील जादा वायूला वाऱ्याच्या वेगाने गुणावे लागते, म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात २० टक्के चूक झाली तर उत्तरातही तेवढीच चूक उतरते. ‘चार्म-एफ’ने २०१८ मध्ये जर्मनीतील येन्श्वाल्डे येथील लिग्नाइटवर चालणाऱ्या वीजकेंद्राचा लोट मोजला, तेव्हा हवेतील खळबळीमुळे एका फेरीचे उत्तर दुसरीशी जुळणे किती अवघड असते ते स्पष्ट झाले, अशा ठिकाणी अनेक फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते, किंवा हवा शांत असताना, प्रसंगी रात्री, उडावे लागते. रात्रीचे उड्डाण लेसरलाच परवडते, हे ओघाने आलेच. विमान एका दिवसाचे, एका तासाचे चित्र देते. सोमवारी उघडी राहिलेली टाकी मंगळवारी बंद असेल. पाणथळ जमीन, भातखाचरे यांसारख्या पसरट स्रोतांना लोट असा नसतोच, तेथे हे काम फारच कठीण होते.

म्हणून कागदावरचा हिशेब मोडीत काढा, अशी माझी मागणी नाही. पण जेथे उत्सर्जन एका जागी एकवटलेले आहे, म्हणजे वायूची विहीर, कॉम्प्रेसर केंद्र, कोळसा खाणीची वायुवीजन विवरे, कचराभूमी, तेथे वर्षातून अनेकदा आणि आधी न कळवता विमानातून मोजणी व्हावी, आणि मालकाच्या अहवालातील आकडा तिच्याशी जुळत नसेल तर खुलासा देण्याची जबाबदारी मालकाची असावी. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या मिथेनविषयक नियमांत ऊर्जा उद्योगाला जागेवरच्या मोजमापांवर आधारित अहवाल बंधनकारक केला आहे, हे त्या दिशेचे पाऊल आहे. हवेत मिथेन साधारण दशकभरच टिकतो, पण २० वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक असते. तेव्हा आज बंद केलेल्या गळतीचा लाभ सध्याच्या पिढीलाच दिसेल.

आपल्याकडून एक छोटी अपेक्षा आहे. उत्सर्जनाचा कोणताही आकडा छापताना तो मोजलेला आहे की गुणांकाने काढलेला, हे त्याच ओळीत नमूद करावे. मोजलेला असेल तर कशाने, किती वेळा आणि किती टक्के अधिक-उण्यासह, हेही द्यावे. ही माहिती मूळ अहवालात बहुधा असतेच, बातमी लहान करताना ती गळते. आणि ती मूळ अहवालातच नसेल, तर तसेही छापावे.

कळावे,
आपला,
एक वाचक