चालू होत नाही म्हणून प्रिंटर लगेच भंगारात घालू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस सुरू झाला, लाईटचं जाणं-येणं सुरू झालं की आमच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावात झेरॉक्स सेंटरवाल्यांचे प्रिंटर बसायला लागतात, आणि नेमके त्याच दिवसांत शाळेचे दाखले, जातीचे दाखले, सातबारा, पीक विमा अशी सगळी गर्दी असते. मग माणूस घाबरून जातो, बटन दाबलं तर लाइट लागत नाही, आवाज नाही, काहीच नाही, म्हणजे मशीन संपली असं धरून नवीन प्रिंटर हप्त्यावर घेऊन येतो आणि जुना किलोवर भंगारवाल्याला जातो. हे आमच्या धंद्यात लई व्हायलंय म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं असं की प्रिंटर किती जुना आहे हे नंतर बघा, आधी बिघडलंय काय ते बघा. कागद अडकतो, छपाई काळी येते, रगडलं की अक्षर पुसतं, गिअरचा कटकट आवाज येतो, ही झीज आहे, एक पार्ट बदलला की दुसरा रडायला लागतो. पण काल संध्याकाळपर्यंत चांगला चालणारा लेजर प्रिंटर सकाळी एकदम डेड झाला तर पुष्कळदा फक्त पावर सप्लाय, म्हणजे मशीनला लागेल तसं व्होल्टेज करून देणारा आतला बोर्ड, गेलेला असतो. आपल्याकडं लाईटची न्यूट्रल तार सुटली की दोनशे तीसच्या जागी जवळजवळ चारशे व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतं, तेव्हा सप्लायमधली व्हॅरिस्टर नावाची एक छोटी चकती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते, म्हणजे पुढचं सगळं वाचावं म्हणून ती आधी मरते. ती चकती आणि फ्यूज दोन्ही चिल्लर पैशाचे पार्ट आहेत. कधी फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा पार्ट) असतो, कधी ब्रिज नाहीतर मॉसफेट असे त्याच बोर्डावरचे दुसरे पार्ट गेलेले असतात, पण तरी काम एका बोर्डापुरतंच राहतं.

दुकानात न्यायच्या आधी एवढं करा, एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा आणि कॉम्प्युटरच्या सीपीयूची पावर केबल काढून प्रिंटरला लावून बघा, बहुतेक लेजरला तीच बसते. त्यानं नाही झालं तर मेकॅनिककडं जा, घरी उघडू नका, पिन काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ तसंच राहू शकतं. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची जी आपल्याकडं सवय आहे ती तर अजिबात नको, पुढच्या वेळेला बोर्ड जळूनच हातात येतो.

मेकॅनिकला एकच विचारा, पावर सप्लायमधून चोवीस व्होल्ट निघतंय का? निघत नसेल तर सप्लाय दुरुस्त करायला सांगा. सप्लायचे सगळे व्होल्टेज बरोबर निघतायत आणि तरी मशीन डेडच असेल तर मेन बोर्डाकडं संशय जातो, मग जुन्या मशीनचा काढलेला बोर्ड मिळाला तर बघा नाहीतर सोडून द्या. मीटर न लावता, झाकणसुद्धा न उघडता "बोर्ड गेला, नवीनच घ्या" म्हणणारे दुकानदार आहेत आपल्या भागात, त्यांचा नवीन विकण्यातच फायदा आहे, त्यात चोरून काही नाही.

मी स्वतः माझा एचपीच्या १२ए कार्ट्रिजवाल्या (कार्ट्रिज म्हणजे टोनरचा डबा) जुन्या लेजरचा सप्लाय दुरुस्त करून घेतला, आणि का ते सांगतो. त्या कार्ट्रिजला चिप नाही, टोनर, म्हणजे छपाईची पावडर, गल्लीत कुणीपण भरून देतो, आतले ड्रम-ब्लेड हे पार्ट सगळीकडं मिळतात. नव्या बऱ्याच मशीनच्या कार्ट्रिजला चिप असते आणि काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर बाहेरची चिप चालूच देत नाही, मग मशीन स्वस्तात घेऊनही पानामागं खर्च वाढतो. दुरुस्ती नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायली असती तर मात्र मी पण केली नसती. आणि तुमच्या विंडोजला जुन्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर, मिळतो का तेही आधी बघून घ्या. इंकवाला प्रिंटर असेल तर निर्णय लवकर घ्या, आपल्या उन्हाळ्यात महिनाभर बंद पडून राहिला की शाई सोडणाऱ्या हेडमधली शाई वाळते आणि मग सप्लाय दुरुस्त होऊनही छपाई येत नाही. लेजरचं तसं नसतं, टोनर कोरडी पावडरच असते.

सरकारनं २०२२ साली राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे गट धरले. प्रिंटरला वेगळा गट नाही, खरंतर आज गावागावातली सरकारी कामं प्रिंटरवरच चालायलीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात, पण तालुक्याला ते गोळा करायला कोण येतं ते आपल्या पेपरनं एकदा छापावं. आणि प्रत्येक कंपनीनं निदान पावर सप्लायचा बोर्ड सुटा विकावा आणि त्याची किंमत उघड सांगावी, म्हणजे गिऱ्हाईकाला दुकानाच्या काउंटरवरच हिशोब करता येईल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड आहे, त्या पोरांना असे डेड सप्लाय हातात द्यावेत, गावात काम आहे, करणारे हात कमी आहेत.

जाता जाता, लेजर प्रिंटर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका, टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा फ्यूजर गरम होताना तो एकदम लई लोड ओढतो.

आपला एक वाचक,
झेरॉक्स सेंटरवाला, सेलू, जि. परभणी