'ना'चा तक्ता दुरुस्त करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'ना' या शब्दावर आलेला लेख मी दोनदा वाचला. एवढ्याशा शब्दावर कोणी पानभर लिहावे आणि आपण ते छापावे, याचा आनंद झाला. पण लेखाखालच्या तक्त्यात जगातल्या डझनभर भाषांमधले 'ना' आणि 'ने' एका रांगेत मांडून हे सगळे संस्कृत 'न'चेच वंशज असल्याचे म्हटले आहे. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ३१ वर्षे मालवाहू जहाजांवर काढली. तक्त्यातल्या निम्म्याअधिक भाषा मी पुस्तकात नव्हे, तर जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) आणि इंजिन रूममध्ये माणसांच्या तोंडून ऐकल्या. 'सारखे ऐकू आले म्हणजे अर्थही तोच' असे समजण्याने काय होऊ शकते, ते मी एकदा पाहिले आहे.

तेव्हा मी थर्ड ऑफिसर होतो, नवखा. जहाजावर इंजिनियर ग्रीक, खलाशी बहुतेक फिलिपिनो, आणि आम्ही दोघेतिघे भारतीय. जहाज रिकामे असले की तोल राखण्यासाठी तळाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. त्या दिवशी एका टाकीची आतून पाहणी चालली होती आणि ती संपली की पाणी सोडायचे होते. पंपाच्या पॅनेलशी मी उभा होतो. वॉकीटॉकीवर मी इंग्रजीत विचारले, "टाकीत अजून माणसे आहेत का?" पलीकडून सेकंड इंजिनियरचा आवाज आला, "ने, ने."

माझ्या मराठी कानाने ते 'नाही, नाही' असे ऐकले. हात बटणाकडे गेला. शेजारी उभ्या असलेल्या फिलिपिनो बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, माझे मनगट धरले. ग्रीक लोकांबरोबर त्याची अनेक वर्षे गेली होती. तो म्हणाला, "सर, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो."

दहाएक मिनिटांनी टाकीच्या तोंडातून दोन माणसे वर आली, घामाने भिजलेली. त्यांना काहीच कळले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि 'ओखी' म्हणजे नाही. हा 'ने' होमरच्या काळापासूनचा आहे. तो लिहितात अजूनही जुन्याच अक्षरांनी, आणि त्या अक्षरांचा प्राचीन उच्चार आपल्या बोलीतल्या 'नाय'च्या अगदी जवळचा होता. म्हणजे आपण ज्या आवाजाने नकार देतो, त्याच आवाजाने जुने ग्रीक होकार देत. पुढे त्या भाषेत 'आय'चा 'ए' झाला आणि 'नाय'चा 'ने' झाला. आपल्या तक्त्यात मात्र ग्रीकपुढे 'ने = नाही' असे छापले आहे. ही चूक निदान या एका कारणासाठी तरी सुधारावी, असे मला मनापासून वाटते.

तक्त्यातल्या काही रांगा बरोबर आहेत, तेही सांगितले पाहिजे. संस्कृत 'न', रशियन आणि लिथुएनियन 'ने', लॅटिन 'ने', फारसी 'न' ही खरोखरच एका घरची भावंडे आहेत. पण ती भावंडे आहेत हे उच्चार जुळतो म्हणून ठरलेले नाही. 'नाम'ला लॅटिनमध्ये 'नोमेन' आहे, 'नव'ला 'नोवुस', 'नासा'ला 'नासुस'. असे शेकडो शब्द ओळीने, ठरलेल्या नियमांनी एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा घराणे एक म्हणायचे. आणि ती भावंडे आहेत, संस्कृतची मुले नव्हेत. या सगळ्यांची आई त्याहून जुनी आहे, तिचे लेखी काही उरलेले नाही.

याच घरातला एक शब्द तक्त्यात यायला हवा होता, तो आलेला नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नकाराचा शब्द चक्क 'ना' होता. 'ने' म्हणजे नाही आणि 'आ' म्हणजे कधीही. दोन्ही मिळून 'कधीच नाही'. त्यातूनच आजचा 'नो' आला.

मराठीत तर या घराण्याच्या दोन शाखा पुन्हा एकत्र नांदतात. 'नाही'मधला 'न' आपल्याकडे संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आला. 'नापसंत', 'नाराज', 'नाउमेद' यांतला 'ना' फारसीतून आला. 'ना हरकत प्रमाणपत्र' लिहिताना आपण जो 'ना' लिहितो, तो हा दुसरा. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे दोघे आज एकाच अर्जात शेजारी बसतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता ज्यांचे नाते नाही त्यांच्याकडे येतो. तक्त्यात जपानी 'ना' आहे. जपानीत क्रियापदाच्या मागे 'ना' लावला की मनाई होते: 'इकु' म्हणजे जाणे, 'इकु ना' म्हणजे जाऊ नकोस. इथे आवाजही जुळतो आणि अर्थही जुळतो, त्यामुळे लेखकाला मोह झाला असणार हे मी समजू शकतो. पण जपानी आणि संस्कृत या दोन भाषांत 'नाम–नोमेन'सारखी ओळ कुठेच लागत नाही. एकटा शब्द जुळला, मागे कोणी नाही. तो योगायोग आहे.

'न' आणि 'आ' हे आवाज मूल बोलायला लागते तेव्हा लवकर काढते, आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांत ते आहेत. दोनच आवाजांचे शब्द किती बनणार? हजारो भाषांना तीच मोजकी अक्षरे वापरायची आहेत. 'ना' आणि 'ने' जागोजागी सापडतात, ते मुख्यतः यामुळे. आठ-दहा आवाजांचा लांबलचक शब्द दोन भाषांत जुळला तर कान टवकारावेत. दोन आवाजांचा जुळला तर आधी शंका घ्यावी.

माझे मनगट धरणारा तो बोसन तगालोग बोलायचा. त्यांच्या भाषेत 'ना' म्हणजे 'आता' किंवा 'झाले'. 'तापोस ना' म्हणजे काम संपले. 'तारा ना' म्हणजे चला, निघू या. आणि एखाद्याची मनधरणी करायची असेल तर 'सिगे ना', अगदी आपल्या 'चल ना' किंवा 'कर ना'सारखे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी वळून पाहिले, वाटले कोणी मराठी माणूस बोलतोय. त्यातला 'सिगे' स्पॅनिशमधून आलेला आणि 'ना' त्यांचा स्वतःचा. (नकारासाठी त्यांचा शब्द आहे 'हिंदी'. त्या शब्दाचाही आपल्या हिंदीशी काही संबंध नाही. 'हिंदी ना' म्हणजे 'आता नाही'.) थाई बंदरांत जहाजाला वाट दाखवायला येणारे पायलटही वाक्याच्या शेवटी 'ना' लावून बोलणे मऊ करायचे. विनंती, समजूत, आर्जव, सगळे त्या एका अक्षरात. हाही 'ना' नकाराचा नाही आणि आपलाही नाही.

ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारा माणूस दर दोन वाक्यांनी 'ने?' म्हणतो: 'हो ना?' या अर्थाने. जपानी माणूसही तसेच, त्याच अर्थाने, 'ने' म्हणतो. १९०८ साली 'कासातो मारू' हे जहाज कोबेहून निघून सांतोस बंदरात लागले आणि जपानी कुटुंबांनी ब्राझीलमध्ये राहायला सुरुवात केली. हे ठाऊक असलेल्याला सहज वाटेल की 'ने' त्याच जहाजातून उतरला. तसे नाही. ब्राझीलचा 'ने' म्हणजे 'नाँव् ए' ('नाही का?') हे दोन शब्द बोलता बोलता आक्रसून झालेला एक शब्द. त्याची पाळेमुळे लॅटिनमध्ये आहेत. एकाच गावात, एकाच गल्लीत, एकाच अर्थाने दोन 'ने' बोलले जातात, आणि तरी ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

माझी नात कोरियन मालिका पाहून ती भाषा शिकते आहे. फोनवर ती मला 'ने, ने' म्हणते आणि खुशीत असते. कोरियनमध्येही 'ने' म्हणजे हो. कोरियन माणसाच्या तोंडून तो पुष्कळदा 'दे'सारखा ऐकू येतो, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने आवाज वाढवून पुन्हा ऐकून खात्री करून घेतली. मग तिने मला शिकवले की 'ना' म्हणजे 'मी'. मला आमच्या रेडिओ ऑफिसरची आठवण झाली. तो तेलुगू होता, आणि तेलुगूत 'ना' म्हणजे 'माझा'. कन्नडमध्ये 'नानु'चा 'ना' होतो, म्हणजे 'मी'. तमिळमध्ये मात्र 'ना' म्हणजे जीभ. तेलुगू आणि कन्नड 'ना' एका घरचे आहेत. कोरियन 'ना'चे त्यांच्याशी नाते अनेक जण जोडू पाहतात, पण दोन-चार शब्द वेचून तसे ठरत नाही.

शेवटची गोष्ट संस्कृतची, कारण लेखाचा सगळा भर तिच्यावर होता. खुद्द संस्कृतातही एकच 'ना' नाही. शाळेत आम्ही 'नृ' शब्द चालवायचो: ना, नरौ, नरः. तिथे 'ना' म्हणजे माणूस. आणि वेदांतला 'न' कधी नकार असतो, तर कधी त्याचा अर्थ होतो 'सारखा'. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात यास्कांनी हे दाखवले आहे. ते म्हणतात, लोकांच्या बोलण्यात 'न' नकाराचा, वेदांत दोन्ही अर्थांचा. मग उदाहरणे देतात: 'नेन्द्रं देवममंसत' ('न इन्द्रं...', इंद्राला देव मानले नाही) इथे नकार, 'दुर्मदासो न सुरायाम्' (दारूने मातलेल्यांसारखे) इथे उपमा. ओळखायचे कसे? ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी 'न' आला तर नकार. ज्याची उपमा द्यायची त्याच्यानंतर आला तर 'सारखा'.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि आपली मराठी वाक्ये मनात म्हणून पाहिली. 'ना आला, ना निरोप धाडला': 'ना' आधी, नकार. 'ये ना', 'बस ना', 'सांग ना': 'ना' नंतर, आणि नकाराचा मागमूस नाही, उलट आग्रह. वैदिक उपमेचा 'न' आणि आपला आग्रहाचा 'ना' एकच आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर मीही तीच चूक करीन. पण एवढासा शब्द वाक्यात कुठे बसला यावर त्याचा अर्थ फिरतो, हे तेव्हाही होते आणि आजही आपल्या घरात रोज घडते आहे.

जहाजांवर या प्रश्नाचा निकाल वेगळ्या पद्धतीने लागला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये समुद्रावरच्या संभाषणासाठी ठरावीक इंग्रजी वाक्ये मंजूर केली. त्यात नियम आहे की प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणायचे नाही. पुढे पूर्ण वाक्य बोलायचे. 'हो, टाकीत दोन माणसे आहेत.' 'नाही, टाकीत कोणी नाही.' 'व्हॉल्व्ह उघडला नाहीस ना?' असे विचारल्यावर मराठी माणूस 'हो' म्हणतो तेव्हा त्याला 'नाही उघडला' असे म्हणायचे असते, आणि इंग्रजी ऐकणारा नेमके उलटे समजतो. तिथेही हाच नियम कामी येतो. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक कॅडेटला मी हा नियम पहिल्या दिवशी शिकवला, आणि का, तेही सांगितले.

तेव्हा विनंती अशी: तक्त्यातून ग्रीक, जपानी, तगालोग, थाई आणि कोरियन या रांगा काढाव्यात. रशियन, लिथुएनियन, लॅटिन आणि फारसी ठेवाव्यात, त्यांत जुन्या इंग्रजीची भर घालावी, आणि वर 'वंशज'ऐवजी 'भावंडे' असा शब्द लिहावा. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात आली तर बरे होईल. माझ्या नातीने तो तक्ता कापून वहीत चिकटवला आहे.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी