शेवटचा कोपरा जोडला, तुम्हा सगळ्यांना मनापासून थँक्यू

जेन स्टिकल या अमेरिकन बाईने १८६३ मध्ये केलेल्या क्विल्टची (कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीची) माझी कॉपी, सगळी हाताने शिवलेली, काल रात्री तिचा वरचा थर एकदाचा पूर्ण झाला, इतकी वर्षं लागली आणि अजून विश्वास बसत नाहीये! मूळ क्विल्ट अमेरिकेत, व्हरमाँटच्या बेनिंग्टन म्युझियममध्ये आहे, छोटे छोटे १६९ ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन), कडेने त्रिकोण, आणि कोपऱ्यात तिने टाक्यांनी लिहून ठेवलंय की युद्धाच्या (अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या) काळात केलं, तुकडे ५६०२.

ज्यांनी मला सांगितलं की पाव इंचाची शिवण आधी पेन्सिलने आखून घे, टोकाला टोक टाचणीने जुळव आणि जिथे शिवणी एकत्र येतात तिथे शिवणीबाहेरचं कापड शिवून टाकू नकोस, सुई फक्त आरपार काढ, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही, कारण त्याआधी माझं एकही टोक नीट जुळत नव्हतं. तपकिरी छापाचं कापड संपलं तेव्हा कुणीतरी नाव न लिहिता तळहाताएवढा तुकडा पाठवला, अगदी तस्साच छाप, तो मधल्या एका ब्लॉकमध्ये आहे, रोज हात फिरवते त्यावरून. आणि मी दोन वर्षं शिवणाचा डबा बंद करून ठेवला होता तेव्हा ‘एकच ब्लॉक कर’ म्हणणाऱ्या ताई, तुम्ही हे वाचत असाल तर खरंच, तुमच्यामुळे झालं हे.