आकडे वाढले म्हणजे यकृत गेलं असं नाही

माननीय संपादक, स. न.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या रक्तात यकृताचे आकडे वाढलेले दिसले, की घरात दोन तट पडतात. ‘काहीही करा, पण वाचवा’ आणि ‘आता कशाला त्याचे हाल?’ आमच्याकडेही पडले. आमची कुत्री तेरा वर्षांची; एएलपी (रक्तात मोजतात ते यकृताचं एक एन्झाइम) भरमसाट वाढलेलं, पण खाणं-फिरणं झकास.

एएलपी वाढणं म्हणजे यकृत निकामी होणं नव्हे. स्टेरॉइडने किंवा कुशिंगच्या आजारानेही (यात शरीरच कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त बनवतं) ते वाढतं. यकृत काम किती करतंय, हे रक्तातलं अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि जेवणाआधी-जेवणानंतरच्या पित्ताम्लांवरून कळतं. सोनोग्राफीत गाठी दिसू शकतात. पण सूज कशाची, तांबं साठलंय का, याला बहुधा बायोप्सीच, म्हणजे यकृताचा तुकडा काढून तपासणंच, लागते. बायोप्सीसाठी भूल आली, आणि आधी रक्त नीट गोठतंय ना, हे पाहणं आलं. म्हणून आम्ही डॉक्टरांना सरळच विचारलं, ‘निकाल काहीही आला, तरी हिचं औषध बदलणार आहे का?’ ते विचारात पडले, तेवढ्यात हिने त्यांच्या पेनाची टोपी चावून टाकली. ‘या वयात फारसं नाही,’ ते म्हणाले. पित्तनलिका मोकळी आहे हे बघून पित्त वाहतं ठेवणाऱ्या उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू झाल्या. बायोप्सी तूर्त नाही.

एक मात्र, शेजारीपाजारी सांगतात म्हणून प्रथिनं सरसकट तोडू नयेत. यकृताला न झेपलेली विषद्रव्यं मेंदूपर्यंत पोचून कुत्रं भ्रमिष्टासारखं फिरू लागलं, भिंतीला डोकं टेकून उभं राहिलं, तरच डॉक्टर प्रथिनं कमी करतात, लॅक्ट्युलोज (ती विषद्रव्यं शौचावाटे काढणारं औषध) देतात. आणि घरातली पॅरासिटामॉल मनाने कदापि देऊ नका.

– एक श्वानपालक