पीआरच्या जाहिराती छापताना परवाना क्रमांक मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘कॅनडा पीआर, शंभर टक्के खात्री’ अशी मोठी जाहिरात वाचली. पीआर म्हणजे त्या देशात कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी. आमच्या घरात या शब्दांची किंमत मोजून झाली आहे, म्हणून लिहितो आहे.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. देशभरातल्या माणसांच्या हाती जाणारी पासपोर्टची पुस्तिका आमच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. तिथे आम्हाला प्रत्येक कागदाचा हिशेब द्यावा लागे. अशा नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मुलाने स्वतःच्या अर्जावर न वाचता सही केली आणि मीही त्याला ‘एकदा सगळं वाचून घे’ असं म्हणालो नाही, ही बोच जात नाही.

मुलगा अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला इंजिनिअर. कॅनडाच्या पीआरसाठी त्याने शहरातल्या एका एजंटाला गाठलं. एजंटाने अर्जात स्वतःचाच ईमेल टाकला. अनुभवाच्या पत्रात मुलाने कधी न केलेलं पद आणि न केलेली कामं घातली. कॅनडाच्या कार्यालयाला शंका आली, त्यांनी खुलासा मागवला. पण तो ईमेल एजंटाकडेच पडून राहिला. आमच्या हातात आला तो थेट नकार. खोटी माहिती दिल्याचा ठपका आणि पाच वर्षं अर्ज करायला बंदी. कायदा खोटेपणा अर्जदाराच्या नावावर धरतो. एजंटाचं कार्यालय तेव्हाही चालू होतं, आजही आहे.

पाच वर्षं म्हणजे काय, ते कॅनडा अर्जदारांची निवड करताना जे गुण देतं, त्या गुणांत सांगतो. अविवाहित उमेदवाराला ३१व्या वर्षी वयाचे ९९ गुण मिळतात, ३७व्या वर्षी ६६. मुलाने अर्ज केला तेव्हा तो ३१ वर्षांचा होता; बंदी नकारापासून मोजली जाते, म्हणून ती उठेल तेव्हा ३७ चा असेल. इंग्रजीची परीक्षा तो पुन्हा देईल, पदवीचं मूल्यांकन पुन्हा करून घेईल. गेलेले ३३ गुण कुठून आणणार?

‘खात्री’ हा शब्द तर कुणीच देऊ शकत नाही. ‘एक्स्प्रेस एंट्री’ या कॅनडाच्या निवड पद्धतीत १२०० पैकी गुण मोजले जातात आणि वरच्या गुणांच्या उमेदवारांना फेरीफेरीने बोलावलं जातं. २०२३ पासून काही फेऱ्या विशिष्ट गटांसाठीच असतात. कधी फ्रेंच येणाऱ्यांसाठी, कधी आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी. पुढच्या फेरीत कितीवर गाडी थांबेल हे नाशिकमध्ये बसून कोण सांगणार? उमेदवारांच्या या यादीत आपली प्रोफाइल टाकायला सरकारी फी शून्य आहे. बोलावणं आल्यावर पूर्ण अर्जासाठी ६० दिवस मिळतात, खरी फी तेव्हा भरायची. आमच्याकडून एजंटाने प्रोफाइल उघडण्याचेच पैसे घेतले होते.

आणखी एक गोष्ट तरुण मुलांनी लक्षात ठेवावी. कॅनडातल्या नोकरीच्या पत्राला पूर्वी ५० किंवा २०० गुण मिळत. पैसे घेऊन अशी पत्रं विकणारे वाढले, तेव्हा २५ मार्च २०२५ पासून ते गुणच बंद झाले. तरीही कुणी ‘जॉब ऑफर काढून देतो, गुण वाढतील’ म्हणत असेल, तर तिथून सरळ उठावं.

पैसे घेऊन या अर्जांचं काम करण्याचा अधिकार कॅनडाच्या कायद्याने तिथल्या वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांना परवाने देणाऱ्या नियामक संस्थेच्या परवानाधारकांनाच दिला आहे. परवानाधारकांची यादी इंटरनेटवर खुली आहे; नाव टाकलं की परवाना चालू आहे की रद्द, ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. आम्ही ते नकार आल्यानंतर केलं. घरचं माणूस किंवा मित्र फुकट मदत करू शकतो, त्याला परवाना लागत नाही. अर्जात ईमेल मात्र स्वतःचाच हवा आणि पासवर्डही स्वतःजवळच.

आपल्याकडे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. पीआरचा नुसता सल्ला विकणारा त्यातून निसटतो. पंजाबने २०१२ मध्ये कायदा करून अशा सल्लागारांनाही परवाना सक्तीचा केला. फसवणूक तिथेही थांबलेली नाही, हे मला माहीत आहे. पण निदान तक्रार घेऊन गेल्यावर ‘हे कशात बसतं?’ असं विचारून माणसाला परत पाठवत नाहीत. मला तेच ऐकावं लागलं. नाशिकच्या आमदारांनी महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी विधानसभेत लावून धरावी.

कायद्याला वेळ लागेल. तुमचा निर्णय मात्र याच आठवड्यात होऊ शकतो. पीआरची जाहिरात घेताना परवाना क्रमांक मागा, तो यादीत तपासा आणि जाहिरातीत ठळक छापा. क्रमांक नसेल तर जाहिरात परत करा. उत्पन्न बुडेल, हे समजतं. पण आमच्या मुलाने त्या एजंटाचा पत्ता वर्तमानपत्रातूनच कापून घेतला होता. पेपरात आलंय म्हणजे खरं असणार, असं त्याला मीच सांगितलं होतं.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेलरोड, नाशिकरोड