चांदीची पट्टी खरी, पण रायफल कुणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नामवंत शिकाऱ्यांच्या रायफली जमवणाऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर कुणी फारसे लिहीत नाही, म्हणून आनंद वाटला. मात्र जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीच्या (रिग्बी ही लंडनची बंदूक कंपनी, .२७५ हे बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचे इंचातले माप) छायाचित्राखाली ‘चंपावतची नरभक्षक वाघीण याच रायफलीने मारली’ असे छापले आहे, ते चूक आहे. ही रायफल वाघीण मेल्यानंतर आली. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी १९०७च्या त्या कामगिरीबद्दल कॉर्बेटला ती बक्षीस दिली, आणि दस्त्यावर बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर तसे कोरलेलेच आहे. वाघिणीवर चाललेली रायफल .५०० बोअरची होती. तिची तीनच काडतुसे जवळ होती. ती संपल्यावर शेवटचा बार कॉर्बेटने तहसीलदाराची बंदूक घेऊन काढला. रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र १९२६ साली .२७५ रिग्बीनेच पडला.

एवढ्याशा चुकीसाठी पत्र कशाला, असे कुणी म्हणेल. पण साधी .२७५ रिग्बी आणि कॉर्बेटची .२७५ रिग्बी यांच्या लोखंड-लाकडात काडीचा फरक नाही. फरक आहे तो कागदपत्रांचा, आणि लिलावात किंमत त्याचीच होते. कॉर्बेट १९४७च्या अखेरीस भारत सोडून केनियात न्येरीला गेला. त्याची ही रायफल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली. (त्याचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ मध्ये याच प्रेसच्या मुंबई कचेरीने काढले होते.) २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती प्रेसकडून परत मिळवली. म्हणजे देणारा, घेणारा, सांभाळणारा आणि आजचा मालक ही साखळी अखंड आहे. त्याची दुसरी रायफल, जेफ्रीची .४५०/४०० दुनळी, अमेरिकी बंदूकलेखक एल्मर कीथच्या संग्रहात होती आणि त्या संग्रहाबरोबर २०१५ मध्येच अमेरिकेत लिलावात गेली. इतकी स्वच्छ साखळी क्वचितच मिळते.

आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाबतीत तर फारच क्वचित. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या कंपन्यांच्या जुन्या वह्या टिकून आहेत. रायफलीचा नंबर कळवून फी भरली की बोअर, नळीची लांबी, तयार झाल्याची तारीख आणि पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव असलेले पत्र मिळते. नवखा संग्राहक इथेच फसतो. पहिले गिऱ्हाईक बहुतेक वेळा दुकानदार असे. कलकत्त्याचे मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायन, नाहीतर नैरोबीतला एखादा व्यापारी. धंदेवाईक शिकारी काही लंडनला जाऊन खांद्याच्या मापाने रायफल बेतून घेणारे नव्हते. पूर्व आफ्रिकेतला धंदेवाईक शिकारी हॅरी सेल्बी याची दुनळी मोटारीखाली चिरडली गेली, तेव्हा सफारी तोंडावर होती. नैरोबीच्या दुकानात जी .४१६ रिग्बी मिळाली ती त्याने उचलली आणि पुढे अनेक वर्षे तीच वापरली. अशा रायफलीच्या वहीत सेल्बीचे नाव शोधून काय मिळणार?

म्हणून वहीतली नोंद ही सुरुवात समजावी. पुढचे दुवे वसाहतीच्या काळातला शस्त्रपरवाना, विम्याचा कागद, मृत्युपत्र, बंदूकसाजाचे दुरुस्तीचे बिल यांतून जुळवावे लागतात. यातला जो कागद रायफलीचा नंबर सांगतो तोच उपयोगाचा. ‘माझी लाडकी रिग्बी’ असा उल्लेख असलेले पत्र वाचायला गोड, पण रिग्बीने हजारो रायफली बनवल्या. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी कॅरामोजो बेल याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने, म्हणजे जर्मन ७ × ५७ मिलिमीटर माउझरच्याच काडतुसाने. शिवाय तो .३१८, .३०३ आणि ६.५ मिलिमीटरच्या रायफलीही वापरी, आणि एकाच बोअरच्या एकाहून जास्त बाळगी. त्यामुळे ‘बेलची रायफल’ अनेक ठिकाणी असू शकते आणि त्यातल्या काही खऱ्याही असू शकतात. त्यांपैकी एकीचा प्रवास ठाऊक आहे. बेल १९५४ साली वारल्यावर त्याची एक .२७५ लंडनमध्ये विक्रीला आली, ती अमेरिकी लेखक रॉबर्ट रुआर्कने घेतली आणि सेल्बीच्या मुलाला भेट दिली. प्रत्येक हस्तांतराला नाव असले की संग्राहकाला झोप लागते.

जुने छायाचित्र हा उत्तम पुरावा ठरू शकतो, पण ते काचेच्या प्लेटवरचे आणि स्वच्छ हवे. अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन दस्त्यांवर त्या सारख्या येत नाहीत. छायाचित्रात दस्त्याची डावी बाजू दिसत असेल तर तीच बाजू, त्याच कोनातून आणि बाजूने पडणाऱ्या उजेडात टिपून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. पट्ट्याची कडी नळीवर आहे की लाकडावर, मागच्या नेमाला (नेम धरायच्या खाचेला) उभी करायची पाने किती, गालाचा उंचवटा आहे की नाही, हेही पडताळावे. रायफलीला टेकून बसलेला शिकारी आणि पुढे मेलेला हत्ती, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ती बंदूक पाहुण्याची असू शकते; सफारीत पाहुण्याची बंदूक हाती धरून फोटो काढणे ही रोजची गोष्ट होती.

आता हातातल्या वस्तूकडे. नंबर एकाच ठिकाणी बघून थांबू नये. दुनळीत तो चापाच्या कमानीच्या शेपटीवर, नळ्यांच्या खालच्या बाजूला आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर असतो. तिन्ही जुळले पाहिजेत. नंबर घासून नवा ठोकला असेल तर तिथे लोखंड किंचित खोलगट झालेले असते. पोलादी पट्टी आडवी धरून पलीकडून उजेड पाडला की खोलगट भाग लगेच दिसतो. नळीवरचा दुकानाचा पत्ताही बोलतो. हॉलंड अँड हॉलंड १९६०च्या सुमारास ९८ न्यू बाँड स्ट्रीट सोडून ब्रूटन स्ट्रीटवर गेले. तेव्हा ‘१९३०च्या दशकातली सफारी रायफल’ म्हणून आलेल्या नळीवर ब्रूटन स्ट्रीट असेल, तर निदान नळी तरी नंतरची आहे.

बोअरवरूनही काळ ताडता येतो. १९०७च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना चालेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून. .५००/४६५, .४७०, .४७५ ही बोअर त्यातून पुढे आली. त्यामुळे ‘१९१२ साली अमुक महाराजांसाठी खास बनवलेली .४५० दुनळी’ असे कुणी सांगितले की आधी वही मागावी. .४५०/४००चे मात्र तसे नाही. नावात ४५० असले तरी गोळी .४०च्या घरातली, म्हणून ती बंदीतून सुटली आणि इथे खूप खपली.

नळ्या काढून त्यांच्या बुडाच्या सपाट बाजू वाचणे सगळ्यात महत्त्वाचे, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के तिथे असतात, आणि किती दारूवर किती वजनाची गोळी चालते हेही ठोकलेले असते. ‘कॉर्डाइट ६०-४०० कमाल’ म्हणजे ६० ग्रेन (वजनाचे बारीक इंग्रजी माप) कॉर्डाइट, अर्थात बिनधुराची दारू, आणि ४०० ग्रेनची गोळी, ही .४५०/४००ची खूण. .४७०वर ७५-५००, .५७७वर १००-७५०. हे न वाचल्याने काय होते ते सांगतो. .४५० सव्वातीन इंचीचे काडतूस आधी काळ्या दारूसाठी आले आणि मग त्याच मापात नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या जोरदार दारूचे, आले. काळ्या दारूच्या जुन्या, हलक्या रायफलीत नायट्रोचे काडतूस अगदी बिनबोभाट बसते. चाप ओढल्यावर मात्र दाब त्या नळीच्या सोसण्यापलीकडे जातो. .५०० तीन इंची आणि .५७७ तीन इंचीचेही तसेच. .४५०/४०० तर दोन मापांत आहे, तीन इंची आणि सव्वातीन इंची. ती एकमेकांत चालत नाहीत.

दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे का हे कळायला नळ्या एका बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच टोल द्यावा. घंटेसारखा लांब नाद आला तर डाख शाबूत. ‘खट्’ झाले तर कुठेतरी सुटला आहे. डाख सुटला की दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी लागणे संपले. गोळ्या एका ठिकाणी आणणारा कारागीर नळ्यांची टोके थोडी-थोडी हलवून गोळ्या झाडत बसे, आणि तेही एकाच ठरलेल्या दारूवर. म्हणून डाख शाबूत असूनही नव्या दारूच्या काडतुसांनी जुन्या दुनळीचे बार फाकतात किंवा एकमेकांना ओलांडून जातात.

चांदीच्या पट्टीबद्दल. शंभर वर्षांत लाकूड आकसते, चांदी आकसत नाही. म्हणून खऱ्या जुन्या पट्टीची कड लाकडाच्या किंचित वर आलेली असते आणि फटीत तेल-मातीची काळी रेघ बसलेली असते. पट्टी लाकडाशी अगदी सपाट आणि फट स्वच्छ असेल तर एकतर पट्टी नवी किंवा दस्ता घासलेला. कोरलेली अक्षरेही हाताच्या घर्षणाने बोथट झालेली हवीत, निदान जिथे तळहात टेकतो तिथे.

आणि घासणे! वाईट हेतूने होते त्याहून जास्त नुकसान चांगल्या हेतूने होते. नळीला नवा निळा रंग, दस्त्याला चकचकीत वॉर्निश, पकडीवरची जाळी पुन्हा कापणे हे ‘जीर्णोद्धार’ नाव-गाव असलेल्या रायफलीची किंमत पार खाली आणतात, कारण शिकाऱ्याच्या हाताची झीज हाच तर पुरावा होता. थिओडोर रूझवेल्टला १९०९च्या आफ्रिका सफारीसाठी इंग्लंडमधल्या चाहत्यांनी दिलेली हॉलंडची .५००/४५० आज लुईव्हिलच्या फ्रेझर संग्रहालयात आहे. त्याच सफारीवर नेलेली त्याची फॉक्स कंपनीची छऱ्यांची बंदूक २०१० मध्ये ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. अशा वस्तूंवरचा ओरखडासुद्धा कुणी पुसत नाही. पेचसुद्धा पात्याचे माप जुळवून घासलेल्या पेचकसाशिवाय फिरवू नयेत. फाटलेली खाच बघून जाणता गिऱ्हाईक दारातूनच परततो.

माशीची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्याची, एक अडचण. अंधुक उजेडासाठी या रायफलींना वर उचलायची मोठी पांढरी माशी असे, कधी इनॅमलची, कधी रानडुकराच्या सुळ्याची, कधी हस्तिदंताची. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताचा कायदा लागू आहे. १९४७ पूर्वीची आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणी करूनच विकता येते. वाटाण्याएवढ्या माशीसाठी सौदा अडतो, म्हणून इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनी खरेदीआधीच हे विचारून घ्यावे.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. संस्थानिकांच्या, सरदारांच्या वाड्यांतून जुन्या इंग्रजी रायफली आजही आहेत आणि ‘पुरातन आहे, परवाना लागत नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५ची सवलत फक्त जुनेपणाला नाही. दुरुस्ती करूनही जी चालू शकणार नाही अशाच शस्त्राला ती आहे. १९०५ची चालती रायफल म्हणजे परवान्याचीच रायफल. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेलीही त्यातच मोजतात. मालक वारला तर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने अर्ज करावा. जमा करताना पावतीवर बनावट, बोअर आणि पूर्ण नंबर लिहून घ्यावा. नुसते ‘एक जुनी दुनळी’ लिहिलेली पावती पुढे कुणाच्याच कामाची नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून लंडनच्या लिलावाची स्वप्ने दाखवणाऱ्या दलालाला दारातच थांबवावे. आणि नळीत वेल्डिंग करून ती ‘शोभेची’ करण्यापूर्वी नंबर कंपनीला कळवून पत्र मागवावे, कारण वेल्डिंग परत काढता येत नाही.

पावसाळ्यासाठी शेवटची सूचना. मूळ चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी रायफल तिच्यात ठेवू नये. चामडे ओल धरते, त्यातला कमावणीचा अंश लोखंडाला खातो, आणि कोकणात तर एका श्रावणात नळीवर तांबूस ठिपके उठतात. पेटी वेगळी, रायफल वेगळी. नळीवर खनिज तेलाचा जेमतेम हात फिरवावा आणि रायफल तोंड खाली करून उभी ठेवावी, नाहीतर ओघळलेले तेल दस्त्याच्या डोक्यात मुरते, लाकूड मऊ पडते आणि पेच धरत नाहीत.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर