कांदाचाळीत लपणाऱ्या आजींना

तीर्थस्वरूप आजींना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. सगळ्यांना दिसेल असं मोबाईलवर टाकतेय ते मुद्दाम. नाव लिहिलं नाही तरी नाशिकच्या मखमलाबादकडच्या लोकांना तुम्ही बरोबर कळाल. तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ दे गं, काय त्यात" म्हणून विषय बदलता आणि हातात शेंगांची पिशवी देता. म्हणून लेखी.

हरवलेलं माणूस शोधणारं कुत्रं म्हटलं की लोकांना वाटतं, चप्पल हुंगवायची आणि सोडून द्यायचं. तसंही शिकवतात. पण आमच्या हौशी गटाची कुत्री चिंगी त्यातली नाही, तिला कुणाची वस्तू लागत नाही. माणसाच्या अंगावरून कातडीचे बारीक कण सारखे झडत असतात. ते वाऱ्यावर निघतात आणि उदबत्तीच्या धुरासारखे पुढे जाता जाता फाकतात. कुत्रं वाऱ्याला आडवं फिरतं, वास लागला की वळतं आणि त्याच्या मुळाशी जातं. माणूस सापडला की आम्ही पोचेपर्यंत तिथेच उभं राहून भुंकायचं, एवढंच त्याचं काम. हे शिकवायला मोकळी जागा लागते, वारा बघायला पावडरची डबी लागते, बक्षिसाला खेळणं लागतं. ते सगळं मिळतं. मिळत नाही तो लपणारा माणूस.

म्हणजे पोरं मिळतात. ट्रेकला जाणारी कॉलेजची पोरं रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला झुडपात आडवं पडायला एका पायावर तयार असतात. चिंगी त्यांना पटापट शोधायची आणि आम्ही खूश. पण खरोखर हरवतं कोण? विसरण्याचा आजार जडलेले आजोबा संध्याकाळी दार उघडून निघतात आणि परतीची वाट विसरतात. त्यांच्या अंगाला बामाचा वास असतो, हातात काठी असते, ते लपलेले नसतात. कुठंतरी नुसते बसलेले असतात. बूट घातलेला, आडवा पडलेला तरुण म्हणजे शोधायचा माणूस, असं कुत्र्याच्या डोक्यात एकदा बसलं की बाकीची माणसं त्याच्या हिशेबात येत नाहीत.

तुमच्या मळ्यात नेमकं तेच झालं. तुम्ही बांधावर मिश्री लावत बसला होतात. चिंगी आली, हुंगलं, शेपटी हलवली आणि पुढे निघून गेली. तिच्या लेखी तुम्ही मळ्याच्या मालकीण. (ते बरोबरच होतं म्हणा.) तुम्ही म्हणालात, "काबरं? मी माणूस नाही का?" आणि आम्ही काही विचारायच्या आत, "थांबा, मीच लपते."

कांदाचाळीतला तो दिवस मला तपशीलवार लिहून ठेवायचाय. चाळ उन्हाळ कांद्यानं गच्च भरलेली, तुम्ही आतल्या कोपऱ्यात गोणपाटावर. नातू म्हणाला, कुत्र्याच्या नाकात कांद्याशिवाय काही जाणार नाही. पण कुत्र्याला कांदा कांद्याच्या जागी कळतो आणि माणूस माणसाच्या. शिवाय कांदा सडू नये म्हणून चाळीला खालून आणि बाजूंनी फटी ठेवलेल्या असतात. वारा पुढून आत शिरत होता आणि तुमचा वास घेऊन मागच्या फटींतून बाहेर पडत होता. चिंगी दारावरून सरळ निघून गेली तेव्हा नातवाला वाटलं, चुकली. ती मागे वळसा घालून गेली, खालच्या फटीत नाक खुपसलं, जोरात फुर्र केलं आणि तिथून धावत दाराशी येऊन आत घुसली.

आता खरी परीक्षा तुमची होती. कुत्रं भुंकेपर्यंत बघायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. ती तुमच्यासमोर उभी राहिली, अर्धवट एकदा "भू" केलं आणि थांबली. तुम्ही ढिम्म! तिनं तुमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग जी सुटली ती थांबेचना. तेव्हा कुठे तुम्ही ओच्यातून गाठीची दोरी, म्हणजे तिचं बक्षिसाचं खेळणं, काढलीत आणि "आली गं माझी बाय!" म्हणून अशा काही ओरडलात की पलीकडच्या वावरातले लोक बघायला आले. बक्षीस त्याच क्षणी आणि मनापासून द्यायचं असतं, हे मी कित्येक शिकलेल्या लोकांना समजावून थकलेय.

पुढे तुम्ही भजनी मंडळच कामाला लावलंत. काठी टेकणाऱ्या, खोकणाऱ्या, पायाला तेल चोळलेल्या, सगळ्या जणी एकादशी सोडून हजर. एकीला गप्प बसवत नसे, ती हळूच अभंग गुणगुणायची. तेही उपयोगाचं, हरवलेलं माणूस आमचे नियम पाळत नाही. आणि बागेत डावणी रोगावरची फवारणी झाली असली की तुम्ही आम्हाला गेटवरूनच परत पाठवायचात, "मुक्या जिवाच्या पोटात औषध जाईल" म्हणून. आमच्या गटातल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं.

याचं फळ परवा गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला सरावात दिसलं. चिंगी ठरलेल्या दिशेला न जाता बाभळीखाली झोपलेल्या एका बाबांसमोर उभी राहून भुंकत सुटली. ते हरवलेले नव्हते, जेवून पडले होते, आणि आम्हाला त्यांनी भरपूर शिव्या दिल्या. पण दोरी मी चिंगीला दिलीच. माणूस शोध म्हटलं होतं, तिनं शोधला. बसलेला, पांघरलेला, म्हातारा माणूस आता तिच्या हिशेबात आलाय, तो तुमच्यामुळे.

तुम्ही विचारलं होतंत, तुर्कस्तानात गेलेली कुत्री अशीच का? हो, पण ती एनडीआरएफची, सरकारी दलाची. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात त्यांच्यातल्या ज्युलीनं ढिगाऱ्यावर भुंकून जागा दाखवली, मग जवानांनी रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला पाठवून खात्री केली, आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. आम्ही हौशी माणसं, पोलिसांनी बोलावलं तरच जाणार. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत चिंगीचा काडीचाही उपयोग नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. जिकडेतिकडे माणसंच असल्यावर ती भुंकणार कुणावर? पण एखादा म्हातारा यात्रेकरू गर्दीतून फुटून रात्री मळ्यांच्या दिशेनं चालत गेला, तर तिला सोडता येईल. त्यासाठी आता रात्रीचा सराव सुरू करायचाय. थंड हवेत वास खाली बसतो, उतारानं ओढ्याकडे वाहतो, त्याची तिला सवय हवी. तुमचा ओढा त्याला अगदी योग्य आहे. मंडळाला विचाराल का?

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
चिंगीची ताई

ता. क. शेंगा संपल्या. फवारणीची तारीख नातवाला आदल्या दिवशी कळवायला सांगा. आणि ओढ्याकाठी लपताना स्वेटर घाला, नुसता पदर डोक्यावरून घेऊन भागणार नाही.